मदत हवी आहे: डेबियन पॅकेजमधले पॅच गिटमध्ये कसे सांभाळता?

मंडळी, नागपूरच्या एका वाचनालयातले संगणक डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालतात. तिथल्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचं पॅकेज आम्ही दोघं सांभाळतो, एक जण धरमपेठेत, दुसरा सीताबर्डीला. सोर्स फॉरमॅट 3.0 क्विल्ट, म्हणजे मूळ कोडमधले आमचे बदल (पॅच) वेगळ्या फाइलींत राहतात: पॅच नेहमीच्या पॅचेस फोल्डरमध्ये, क्रम सीरीज फाइलमध्ये.

हे पॅच गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, हाताळायला आम्ही जीबीपी पीक्यू हे साधन वापरतो. इम्पोर्ट केलं की प्रत्येक पॅच 'पॅच-क्यू' या एकाच वेगळ्या ब्रँचवर एकेक कमिट (नोंदवलेला बदल) होतो, नवी आवृत्ती आली की रिबेस (तेच बदल नव्या कोडवर पुन्हा लावणं), मग एक्सपोर्ट करून परत पॅच फाइली. मधला पॅच काढला की पुढच्या सगळ्या फाइलींचे क्रमांक बदलायचे, तो त्रास नंबर देणं बंद केल्यावर गेला.

खरी अडचण तपासणीची आहे. पॅच-क्यू ब्रँच दर वेळी नव्याने बनते, म्हणून ती सर्व्हरवर ढकलत नाही. मग सहकाऱ्याला दिसतो तो पॅचमधल्या बदलाचा पॅच, आणि जोडाक्षरांच्या कोडमध्ये तो वाचणं फार कठीण जातं. मूळ लेखकांनी आमची दुरुस्ती थोडी बदलून घेतली असेल, तर रिबेसमध्ये संघर्ष येतो आणि आपला कोणता भाग अजून लागतो, हे ठरवताना चूक होण्याची मला खरंच भीती वाटते.

गिट-डेबरिबेस या दुसऱ्या साधनात बदल मुख्य ब्रँचवरच कमिट म्हणून राहतात. चालू पॅकेज कुणी तिकडे नेलंय का? जुना इतिहास नीट राहिला का? आणि डेप-3 (पॅचची माहिती लिहिण्याची डेबियनची पद्धत) मधली 'फॉरवर्डेड' नोंद, म्हणजे पॅच मूळ लेखकांना पाठवला का ते, तुम्ही कुठे लिहिता, कमिट संदेशातच का?