पोहताना घाम येतो का? नक्की माहीत असणाऱ्यांची मदत हवी आहे

तळठाव:
पोहताना घाम येतो की नाही, एवढंच हवं आहे. मला वाटतं येत नाही, कारण अंग पाण्यातच असतं. पण बाहेर आलो की डोकं ठणकतं आणि पोटऱ्यांत गोळे येतात. शिकवणारे सर म्हणतात अंगातलं पाणी कमी पडतंय, बाटली आणत जा. घामच येत नसेल तर पाणी जातं कुठे? उद्या पहाटे परत जायचं आहे, लवकर सांगा.

नीलमोहर:
किती वेळ पोहता? पाणी गार की कोमट? तलाव उघडा की बंदिस्त? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

तळठाव:
नेहमीसारखंच पोहतो. प्रश्न घामाचा आहे, तलावाचा नाही.

नीलमोहर:
तलावावरच सगळं अवलंबून आहे हो. पाणी हवेच्या साधारण 25 पट उष्णता वाहून नेतं. त्यामुळे 25-26 अंशांच्या पाण्यात जोर लावला तरी घाम बेताचाच येतो. तेच पाणी कोमट असेल तर स्नायूंत तयार झालेली उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही आणि घाम सुटतो. लगेच पाण्यात मिसळतो म्हणून कळत नाही. बाहेर आल्यावर चेहरा लाल होतो का?

जुनाहात:
घामबिम काही येत नाही. 20 वर्षं पोहतोय, ओठाला कधी खारट लागलं नाही. अंग गार ठेवायचं काम पाणीच करतंय, मग घाम येईलच कशाला? डोकं दुखतंय ते गॉगलच्या पट्ट्यामुळे. पट्टा सैल करा, दोन दिवसांत फरक पडेल.

सावली:
जुनाहात, गॉगलचं पटलं. घामाचं नाही पटलं. शरीराच्या आतलं तापमान वाढलं की मेंदू घामाच्या ग्रंथींना कामाला लावतो, भोवती हवा असो वा पाणी. हवेत घाम सुकतो आणि सुकताना उष्णता घेऊन जातो, लिटरभर सुकला तर जवळपास 580 किलोकॅलरी. पाण्यात तो सुकतच नाही. म्हणजे अंगातलं पाणी आणि मीठ जातं आणि बदल्यात गारवा मिळत नाही. म्हणून कोमट पाण्यात जोरात पोहणं अंगावर येतं.

चिंचोका:
पोहल्यावर बोटं सुरकुततात ना, ती पाणी मुरल्यामुळे नाही. मज्जातंतूंमुळे बोटातल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि कातडी आत ओढली जाते. बोटाचा मज्जातंतू तुटला असेल तर सुरकुत्या पडत नाहीत.

सावली:
माहिती चांगली आहे, पण बोटांचं कुणी विचारलं नाहीये.

किनारा:
घाम येतो याचा वास येतो की! तलावाचा तो उग्र दर्प निव्वळ क्लोरीनचा नसतो. घामातले आणि लघवीतले पदार्थ क्लोरीनला भेटले की क्लोरामाइन तयार होतात, डोळे त्यानेच चुरचुरतात. सगळ्यांनी आधी नीट अंघोळ करून उतरावं, हे मी प्रत्येक धाग्यावर लिहितो आणि लिहीत राहणार.

जुनाहात:
तो वास लघवीचाच जास्त असेल. घाम सिद्ध कुठे झाला?

नीलमोहर:
वजन करून बघता येईल. तळठाव, उतरण्याआधी लघवी करून, कोरड्या अंगाने, कपडे काढून वजन करा. बाहेर आल्यावर अंग आणि केस नीट पुसून परत करा. मधे काही खाऊपिऊ नका. 1 किलो कमी भरलं तर साधारण 1 लिटर पाणी गेलं. आणि वरचे प्रश्न अजून तसेच आहेत.

तळठाव:
केलं. आधी 64.8, नंतर 64.1. तलाव बंदिस्त आहे, फलकावर 31 अंश लिहिलंय. सव्वा तास पोहतो. डोक्याला सिलिकॉनची टोपी. चेहरा लाल होतो, हो. उठल्यावर तसाच जातो, पाणीसुद्धा पीत नाही.

सावली:
अहो, हे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं! स्पर्धेच्या तलावाचं पाणी 25 ते 28 अंश ठेवतात. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींना 31 ही वरची मर्यादा आहे. तुम्ही रोज त्या मर्यादेवर पोहताय, तेही उपाशी आणि तहानलेले. टोपीमुळे डोक्यातली उष्णताही अडकते.

नीलमोहर:
मधे लघवीला गेला होतात का?

तळठाव:
एकदा. पाण्यात उतरलं की लागतेच.

नीलमोहर:
मग 700 ग्रॅम सगळा घाम नव्हे. पाण्याच्या दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी करतात. श्वासातूनही थोडं जातं. मधे न जाता परत मोजा.

जुनाहात:
म्हणजे मी म्हणत होतो तेच. लघवी.

तळठाव:
आज मधे गेलो नाही. 450 ग्रॅम कमी. म्हणजे घाम येतोच, सरांचं बरोबर होतं. मग काठावर बसून बाटली संपवली, डोकं जवळजवळ दुखलं नाही. गोळे मात्र तसेच आहेत, आज डाव्या पोटरीत.

जुनाहात:
पाय मारताना पंजे ताठ धरता का?

सावली:
आणि पायात फिन (रबरी पंख) घालता का? तेही आधी सांगा.