शब्दचर्चा : 'पिचिंग प्रॉस्पेक्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

पेनवाला :

बरीच वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे आणि पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीमचा चाहता आहे. (हसू नका. कुणीतरी असायला हवं.) आई सांगलीला. रविवारच्या फोनवर तिला आठवड्याभरात काय पाहिलं ते सांगायची सवय आहे. परवा म्हटलं, "एक प्रॉस्पेक्ट बघून आलो, विशीतलाच आहे, पण हात काय आहे म्हणून सांगू!"

"म्हणजे टीममध्ये लागला का तो?"

नाही, अजून खालच्या लीगमध्ये आहे.

"पगार आहे ना?"

आहे थोडा.

"मग लागला की!"

तिला प्रॉस्पेक्ट म्हणजे काय ते समजावताना मी 'होतकरू' म्हणालो. त्यावर तिचा पुढचा प्रश्न : "गरीब आहे का?"

चूक तिची नाही. मराठीत हा शब्द 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप' इथेच इतकी वर्षं उभा आहे की त्याला एकट्याने कुठे जाता येत नाही. तर प्रश्न असा : संस्थेच्या ताब्यात आहे, वरच्या पातळीवर अजून खेळलेला नाही, पण उद्या खेळेल म्हणून ज्याच्यावर पैसा आणि नजर लागलेली आहे, अशा पोराला काय म्हणावं? त्यातही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. तो का वेगळा, ते पुढे लिहितो.

जुनी वही :

'होतकरू' चांगला शब्द आहे, वह्यावाटपाने बिचाऱ्याची रया गेली एवढंच. त्यात 'होत' आहे आणि 'करू'ही आहे. काहीतरी घडत असलेला माणूस, घडलेला नव्हे. 'उदयोन्मुख' मला नको. उदयाकडे तोंड केलेल्याचा उदय होणारच, असा त्यात हिशेब आहे. सूर्याच्या बाबतीत ठीक आहे.

माझं मत 'उमेदवार'. निवडणुकांनी हा शब्द पळवायच्या आधी कचेरीत बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम शिकत, कायम होण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला उमेदवार म्हणत. 'दोन वर्षं उमेदवारी केली, मग चिकटलो' हे वाक्य आमच्या वडिलांच्या पिढीत घरोघरी होतं. उमेद त्याची आणि काम मालकाचं.

पेनवाला :

वहीसाहेब, 'उमेदवारी' वाचून खुर्चीतून उठलो. खालच्या लीगांचं याहून चांगलं वर्णन नाही. रूकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या, बसचे लांबलांब प्रवास, आणि वरून फोन येण्याची वाट. आईला सांगितलं, "उमेदवारी करतोय." लगेच कळलं. म्हणाली, "मग असं सांग ना."

पण एक खुसपट काढतो. 'उमेदवार' पोराच्या बाजूने बोलतो, 'प्रॉस्पेक्ट' बघणाऱ्याच्या बाजूने. इंग्रजीत याच शब्दातून सोनं धुंडाळत डोंगर खणणाऱ्यांचं नाव निघालं आहे. खडकाला उमेद नसते. दरवर्षी ज्या याद्या निघतात, अमुक क्रमांक एक, तमुक क्रमांक चाळीस, त्या याच नजरेने केलेल्या असतात. स्काउट, म्हणजे टीमसाठी पोरं हेरत फिरणारी मंडळी, २० ते ८० या पट्टीवर गुण देतात, ५० म्हणजे मेजर लीगमधला, सगळ्यात वरच्या पायरीवरचा, सरासरी खेळाडू. आपल्याकडे ३५ला पास. इथे ३५ म्हणजे बाळा, घरी जा. आणि प्रत्येक गोष्टीला दोन आकडे : आजचा आणि पुढचा. फास्टबॉल आज ५५, पुढे ६५. हा दुसरा आकडा म्हणजेच प्रॉस्पेक्ट. तो आकडा अजून कुणी पाहिलेलाच नसतो.

आता पिचर का वेगळा ते. बेसबॉलवाल्यांत एक जुनं म्हणणं आहे : पिचिंग प्रॉस्पेक्ट असं काही नसतंच. फलंदाज पोरगा फार तर रडतखडत वर येतो. पिचरचा खांदा किंवा कोपर एका दिवसात जातो आणि यादीतला क्रमांक तसाच छापलेला राहतो. ब्रायन टेलर नावाचा डावखुरा होता, १९९१च्या ड्राफ्टमधला (टीम आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यातला) पहिला. यँकीज टीमने त्याला साडेपंधरा लाख डॉलर दिले, तेव्हाचा विक्रम. १९९३च्या डिसेंबरमध्ये एका हाणामारीत डावा खांदा गेला. मेजर लीगमध्ये तो एक चेंडूही टाकू शकला नाही.

जुनी वही :

मग मराठीत सोय आधीच आहे. 'पिचणे' हे क्रियापद बघा. काच पिचते, बांबू पिचतो, कर्जाने माणूस पिचतो. पिचर पिचायचाच.

पेनवाला :

हे मी पायरेट्सच्या पुढच्या सामन्याला फलकावर लिहून नेणार आहे.

गुडलेंग्थ :

क्रिकेटवाला आहे, मध्येच घुसतो. यांचं 'कंट्रोल' वेगळं आणि 'कमांड' वेगळी, असं ऐकलंय. आम्ही 'दिशा आणि टप्पा' एवढ्यावर भागवतो. फरक काय? आणि दोन्हीला 'नियंत्रण' म्हटलं तर बिघडतं कुठे?

पेनवाला :

इथे टप्पाच पडत नाही हो. चेंडू साडेसाठ फुटांवरून थेट कॅचरच्या, म्हणजे इथल्या यष्टिरक्षकाच्या, पंजात (ग्लव्हमध्ये). त्यामुळे दिशा उरते आणि उंची.

फरक मला अल्टूनाला कळला. पायरेट्सची डबल-ए टीम तिथे आहे, मैदानामागे जुना रोलर कोस्टर दिसतो, तिकीट स्वस्त. एप्रिलची थंडी होती. होम प्लेटच्या (फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या) मागे दोन-तीन स्काउट वेग मोजणाऱ्या रडार गन घेऊन बसलेले, मी त्यांच्यामागे गुपचूप जाऊन बसलो. पिचर उंच, गन ताशी ९७, ९८ मैल दाखवतेय. लोक आकड्याकडे बघून 'ऊऽऽ' करतायत. पुढचा स्काउट मात्र आकडा बघतच नव्हता. त्याची नजर कॅचरच्या पंजावर. मग मीही तिथेच बघायला लागलो. कॅचरने पंजा धरला खाली, बाहेरच्या कोपऱ्यावर. चेंडू आला वर, आतल्या बाजूला. कॅचरचा हात अख्खी प्लेट ओलांडून गेला. पंच म्हणाला स्ट्राइक, म्हणजे चेंडू फलंदाजासमोरच्या काल्पनिक चौकटीतला. पुन्हा पंजा खाली बाहेर, चेंडू मधोमध. स्ट्राइक. स्कोअरकार्डात बघाल तर पोरगा छान. स्काउटने वहीत काहीतरी छोटंसं लिहिलं आणि कॉफी प्यायला.

म्हणजे चेंडू चौकटीत पडतो, हे कंट्रोल. चौकटीत जिथे हवा तिथेच पडतो, ही कमांड. डबल-एचा फलंदाज मधोमध आलेला ९८चा चेंडू चुकवेल, मेजर लीगचा चुकवणार नाही. म्हणून दोन्हीला 'नियंत्रण' म्हटलं की जे बघायचं तेच पुसलं जातं.

गुडलेंग्थ :

मग कंट्रोलला 'ताबा' आणि कमांडला 'नेम'. नेम म्हटलं की 'कुठे' आलंच.

जुनी वही :

वा! आणि त्याला शेपूट आहे. हा 'नेम' 'नियमा'तून आलेला. म्हणून नेम धरतात, नेम चुकतो, आणि भरवसा नसलेल्या माणसाबद्दल 'त्याचा काही नेम नाही' असंही म्हणतात. तुमच्या त्या अल्टूनाच्या पोराला हे एकच वाक्य दोन्ही अर्थांनी लागू.

पेनवाला :

त्या वाक्याचा खरा धनी स्टीव्ह डाल्कोव्स्की. ओरिओल्स टीमच्या खालच्या लीगांमधला डावखुरा. पाहिलेले लोक सांगत की त्याच्याइतका वेगवान कुणी झाला नाही, आणि तेव्हा आजच्यासारखी रडार गन नव्हती म्हणून वादही मिटला नाही. १९६०मध्ये स्टॉकटनकडून १७० डावांत त्याने २६२ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं आणि नेमक्या २६२ जणांना वॉक (चौकटीबाहेरच्या चार चेंडूंवर फुकटचा पहिला तळ) दिला. आकडा परत वाचा, छपाईची चूक नाही. पुढे १९६३पर्यंत त्याचा नेम जरा बसायला लागला, वरच्या टीमचं दार दिसायला लागलं, आणि त्याच वसंतातल्या सराव सामन्यांत कोपर गेलं. मेजर लीगचा एकही अधिकृत सामना नाही.

त्याच्या बरोब्बर उलट ग्रेग मॅडक्स. वेग बेताचाच, नेम असा की ३५५ विजय. मी कुठल्याही यादीत पिचर बघताना वेगाचा रकाना शेवटी वाचतो, तो मॅडक्समुळे. आधी नेम. मग त्याच्याकडे तिसऱ्या प्रकारचा चेंडू आहे का ते, कारण तोच फलंदाज सामन्यात तिसऱ्यांदा समोर आला की दोन प्रकारांवर भागत नाही. तिसरा नसेल तर गडी शेवटच्या एखाद्या डावापुरताच.

आणखी दोन शब्द अडलेत. 'सीलिंग' आणि 'फ्लोअर'. छत आणि फरशी म्हटलं तर बांधकामाचं एस्टिमेट वाटतं.

गुडलेंग्थ :

नाम कशाला शोधता? 'फार तर' आणि 'निदान'. हा पोरगा फार तर टीमचा पहिला पिचर होईल, निदान राखीव तरी. झालं की.

पेनवाला :

झालंच. इतकी वर्षं नाम शोधत बसलो होतो.

आढीतली कैरी :

देवगडहून नमस्कार. बेसबॉल मला काडीचा कळत नाही, पण 'डेव्हलप'चं काय केलंत? 'विकसित' म्हणू नका. विकसित भूखंड होतो, एनए करून.

जुनी वही :

'घडवणे'. मूर्ती घडते, दागिना घडतो, तालमीत पैलवान घडतो.

आढीतली कैरी :

घडवण्यात घडवणाऱ्याचा तोरा फार. जणू पोरगा म्हणजे माती. आम्ही आंबा घडवत नाही, आढी लावतो. गवत घालायचं, थर लावायचे, रोज हात लावून बघायचं, डागी असेल तो बाजूला करायचा. पिकायचं काम आंब्याचं. घाई असेल तर कार्बाइड आहेच. वरून पिवळाधमक, आत आंबट.

पेनवाला :

कैरी, तुम्हाला बेसबॉल कळत नाही असं पुन्हा म्हणू नका.

सध्याचं भांडण नेमकं कार्बाइडचं आहे. २०२४च्या डिसेंबरमध्ये मेजर लीगने पिचरांच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला. त्याचा रोख हाच : वेगाचा ध्यास, आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकणं. हे खाली शाळकरी पोरांपर्यंत गेलंय. लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे, पण शनिवारी एका टीमकडून आणि रविवारी दुसऱ्या टीमकडून खेळवणारे बाप इथेही आहेत. वेग वाढला की यादीत नाव लागतं, त्यामुळे पोरं आधी तो वाढवतात. कोपराचा अस्थिबंध काही त्या वेगाने वाढत नाही. १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या हातातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला, तेव्हा तो आधीच मेजर लीगमध्ये १२४ सामने जिंकलेला माणूस होता. नंतर आणखी १६४ जिंकला. आज त्याच्या नावाची शस्त्रक्रिया मिसरूड न फुटलेल्या पोरांवर होते.

पण आढी लावली म्हणजे आंबा हमखास पिकतो, असंही नाही. स्टीव्हन स्ट्रासबर्ग. २००९च्या ड्राफ्टमधला पहिला, २०१०च्या जूनमध्ये पदार्पणातच १४ स्ट्राइकआउट, समोर अर्थातच आमचे पायरेट्स. त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया. २०१२मध्ये त्याच्या टीमने, नॅशनल्सनी, जपून वापरायचा म्हणून १५९ डाव झाल्यावर त्याला बसवला, प्लेऑफ (बाद फेऱ्या) तोंडावर असताना, आणि पहिल्याच फेरीत हरले. केवढी शिवीगाळ झाली! २०१९मध्ये तोच वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू. मग सात वर्षांसाठी साडेचोवीस कोटी डॉलरचा करार, आणि त्यानंतर आठच सामने खेळला. तर २०१२ला बसवलं ते बरोबर की चूक? मी दोन्ही बाजूंनी भांडलो आहे, दोन्ही वेळा जिंकलो आहे.

म्हणून २०२४च्या एप्रिलमध्ये आमच्या पायरेट्सच्या पॉल स्कीन्सला ट्रिपल-एत सुरुवातीला तीन-तीन डावच देत होते, तेव्हा मी 'वर आणा त्याला' म्हणणाऱ्यांत नव्हतो. ११ मेला आणला. वर्षअखेर नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) सर्वोत्तम नवोदित. तरीही प्रत्येक सामन्यात त्याने कोपर झटकलं की माझा चहा थांबतो.

गुडलेंग्थ :

एक शंका. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण तुमच्या स्काउटांना लागू होते की नाही?

पेनवाला :

जेकब डीग्रोमला विचारा. कॉलेजात शॉर्टस्टॉप (क्षेत्ररक्षक) होता, पिचिंगकडे वळला शेवटी शेवटी. २०१०मध्ये नवव्या फेरीत घेतला, त्याच वर्षी कोपर कापलं. पंचविसाव्या वर्षी वर आला, २०१८ आणि २०१९ला साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान. पाळण्यात कुणी बघितलंच नव्हतं. आणि ब्रायन टेलरचे पाय अख्ख्या देशाने बघितले होते.

उलट टोकाचं उदाहरण आपल्या देशातलं. २००८मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातली भाला फेकणारी पोरं, बेसबॉल फेकण्याच्या स्पर्धेतून पहिली-दुसरी आली आणि पायरेट्सनीच त्यांना करारबद्ध केलं. पुढे दोघांवर चित्रपट निघाला. मेजर लीगला कुणी पोचलं नाही. त्या दोघांना प्रॉस्पेक्ट म्हणायला मी कचरलो असतो. उमेदवार मात्र शंभर टक्के. परका देश, परका खेळ आणि अंगात नुसती उमेद.

आढीतली कैरी :

तो तिसऱ्या प्रकारचा चेंडू म्हणालात, तो कसला असतो?

पेनवाला :

बहुतेकदा चेंज-अप. हात फास्टबॉलच्याच वेगाने फिरतो, चेंडू मात्र आठ-दहा मैलांनी हळू येतो. फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा.

आढीतली कैरी :

मग तो चकवा! आमच्याकडे रात्री रानात लागतो. ओळखीची वाट, आणि माणूस तिथल्या तिथेच फिरत राहतो.

पेनवाला :

घेतला. रविवारी आईला सांगतो, पोराकडे वेग आहे, नेम यायचाय, आणि चकवा अजून लागत नाही.

जुनी वही :

'लागत नाही' म्हणू नका, चकवा लागतो तो फलंदाजाला. पिचरला चकवा 'साधत' नाही.