लिफ्ट वर जात असताना काटा वजन कमी का दाखवतो?

प्रश्न (लंबक): ६० किलो वस्तुमानाची व्यक्ती लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहे. लिफ्ट वर जाते आहे, पण मजला जवळ आल्याने तिचा वेग दर सेकंदाला १.२ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो आहे. उत्तर ५२.७ किलो दिले आहे. मी ६० × (९.८ + १.२) केले, त्यातून ६७.३ किलो येतात. वर जाताना आभासी वजन (काट्यावर दिसणारे वजन) वाढते ना? शिवाय गुरुत्वाकर्षण तेवढेच, व्यक्तीही तीच, मग कमी नेमके काय झाले?

ध्रुव: दिलेले उत्तर बरोबर आहे. ‘वर जाताना वाढते’ हे वाक्य विसरा, त्यानेच सगळा घोळ होतो. न्यूटनच्या दुसऱ्या नियमात (निव्वळ बल = वस्तुमान × त्वरण) वेग येतच नाही, त्वरण येते, म्हणजे वेग बदलण्याचा दर. वर जाणारी लिफ्ट मंदावते तेव्हा त्वरण खाली असते.

व्यक्तीवर बले दोनच. गुरुत्वाकर्षण खाली, ५८८ न्यूटन. काट्याचे अभिलंब बल, म्हणजे काटा पायांना ढकलतो ते, वर. वरची दिशा धन धरली, तर

अभिलंब बल − ५८८ = ६० × (−१.२) = −७२

म्हणून अभिलंब बल ५१६ न्यूटन. काटा हेच बल मोजतो आणि ९.८ ने भागून ५२.७ किलो दाखवतो.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. व्यक्तीला वरच्या दिशेने वेग आहे आणि तो कमी करायला खाली ७२ न्यूटन निव्वळ बल हवे. ते गुरुत्वाकर्षणातूनच मिळते. उरलेले ५१६ न्यूटन तेवढे काट्याला पेलावे लागतात. कमी झाले ते काट्याचे बल, गुरुत्वाकर्षण नव्हे.

खाली निघताना वेग वाढत असेल तरी हेच ५१६. खाली येऊन थांबताना मात्र ६६० न्यूटन, म्हणजे तुमचे ६७.३ किलो. एकसमान वेगात, तो कितीही असो, ५८८.

समतल: प्रत्यक्ष मोजणार असाल तर डिजिटल काटा टाळा. बरेचसे डिजिटल काटे आकडा स्थिर होईपर्यंत सरासरी घेतात आणि मग तोच धरून ठेवतात. लिफ्टचे त्वरण जेमतेम दोन-तीन सेकंद टिकते, ते त्यात हरवून जाते. काट्याची सुई फिरणारा स्प्रिंगचा काटा घ्या आणि तबकडीचे चित्रीकरण करा. दोन पारड्यांचा तराजू इथे निरुपयोगी, कारण दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात बदलतात.

मोबाइलमधला त्वरणमापकही चालतो. मोबाइल जमिनीवर सपाट ठेवा, हातात नको. लिफ्ट उभी असताना ९.८ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. शून्य दिसला तर ॲप गुरुत्व वजा करते आहे. उभ्या लिफ्टमधली सरासरी काढून ती सगळ्या नोंदींतून वजा करा. मग त्वरण-काळ आलेखात निघतानाच्या उंचवट्याचे आणि थांबतानाच्या खळग्याचे क्षेत्रफळ सारखे यायला हवे, कारण वेग शून्यापासून निघून शून्यावर येतो. येत नसेल तर आधी ती सरासरी तपासा. तिच्यात ०.०५ ची चूक असली तरी २० सेकंदांत वेगात १ मीटर प्रति सेकंदाची खोटी भर पडते.

लंबक: दिशा कळली, आभार. हेच लिफ्टच्या आतून सोडवले तर छद्म बल (लिफ्टच्या त्वरणामुळे आतल्या हिशेबात धरावे लागणारे काल्पनिक बल) कुठल्या दिशेने धरायचे?

ध्रुव: त्वरणाच्या उलट, म्हणजे इथे वर, ७२ न्यूटन. आतून पाहता व्यक्ती स्थिर आहे, म्हणून अभिलंब बल + ७२ − ५८८ = ०. पुन्हा ५१६. छद्म बल घेतले की उजवीकडे वस्तुमान × त्वरण लिहायचे नाही. दोन्ही लिहिले तर तोच परिणाम दोनदा मोजला जातो.

खालच्या दिशेचे त्वरण ९.८ पेक्षा जास्त दिले असेल तर सूत्रातून ऋण आकडा येईल. तो उत्तर म्हणून लिहू नका. काटा पायांना फक्त ढकलू शकतो, ओढू शकत नाही. अशा वेळी अभिलंब बल शून्य, पाय काट्यावरून सुटलेले, आणि व्यक्तीचे त्वरण लिफ्टइतके नव्हे तर ९.८ च.