गेमिंगसाठी होम थिएटर रिसीव्हर कसा निवडावा? अनुभव लिहा

सांजवात
काल माळ्यावरून जुना पीएस२ (प्लेस्टेशन २) कन्सोल खाली आला आणि पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींचे दिवस आठवले. ट्यूब टीव्हीवर बटण दाबलं की गडी लगेच उडी मारायचा. आता मध्ये रिसीव्हर, म्हणजे कन्सोलचं चित्र टीव्हीला आणि आवाज स्पीकरांना देणारा डबा, असला की बटणानंतर चित्र उशिरा येईल म्हणून लोक बिचकतात. खरं तर रिसीव्हर सिग्नल नुसता पुढे पाठवत असेल तर उशीर जाणवण्याइतका नसतोच. तो चित्रावर काम करायला लागला, म्हणजे अपस्केलिंग (चित्र मोठं करणं), डीइंटरलेसिंग (अर्ध्या-अर्ध्या ओळींचं चित्र जोडणं) वगैरे, की उशीर होतो. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. एक फ्रेम अडवून ठेवली तरी तेवढं गेलंच. म्हणून व्हिडिओ सेटिंगमध्ये कन्व्हर्जन आणि स्केलर बंद करा. बऱ्याच मॉडेलांत हे प्रत्येक इनपुटला वेगळं करावं लागतं, तिथेच लोक चुकतात.
निवडताना काय बघता ते लिहा.

काजळमाया
खोक्यावर ‘८के’ (४के पेक्षाही बारीक चित्र) लिहिलंय यावर जाऊ नका. मॅन्युअल उघडून प्रत्येक पोर्टची क्षमता बघा. काही रिसीव्हरांत सहा-सात इनपुटांपैकी एखादंच सेकंदाला ४० गिगाबिटचं असतं, बाकीची १८ ची, म्हणजे ४के ६० (४के चित्र, सेकंदाला ६० फ्रेम) पर्यंतच. एक्सबॉक्स सिरीज एक्स ४० देतो, पीएस५ ३२. २४ च्या पोर्टवरही ४के १२० दिसतं, पण बहुधा रंगांची माहिती कापून. काळ्या मेनूवरची बारीक लाल अक्षरं बघा, कडा फिसकटलेल्या दिसतात. पीसी जोडणार असाल तर २४ घेऊच नका.

वाळूचा_किल्ला
+१. जुना माल घेणाऱ्यांसाठी: २०२० च्या काही रिसीव्हरांतल्या एचडीएमआय (चित्र-आवाज एकत्र नेणारी जोडणी) २.१ चिपमध्ये दोष होता. सिरीज एक्स किंवा त्या वेळच्या नव्या ग्राफिक्स कार्डवरून ४के १२० दिलं की पडदा काळा. पीएस५ ला तो त्रास नव्हता. सेकंडहँड घेताना स्वतःचा कन्सोल घेऊन जा आणि १२० हर्ट्झ लावून बघा, नुसता आवाज ऐकून पैसे देऊ नका.

मधुमालती
पोर्ट बरोबर, केबल बरोबर, तरी १२० येत नाही? काही रिसीव्हरांच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये सिग्नल फॉरमॅट ‘स्टँडर्ड’वर असतो, तो ‘८के एन्हान्स्ड’ करा. टीव्हीच्या त्या पोर्टलाही असंच सेटिंग असतं, नाव कंपनीगणिक वेगळं. दोन्हीकडे केल्याशिवाय चालत नाही.
(कुकर लावलाय, बाकीचं नंतर.)

तिठा
माझ्याकडे एचडीएमआय २.० (जुन्या आवृत्तीचा) रिसीव्हर आहे, बदलावाच लागेल का?

काजळमाया
@तिठा, नाही हो. कन्सोल थेट टीव्हीला, आणि टीव्हीतून ईआर्कने (एचडीएमआय केबलमधून आवाज उलटा पाठवायची सोय; आर्क ही तिचीच जुनी, कमी क्षमतेची आवृत्ती) आवाज रिसीव्हरला. चित्र रिसीव्हरातून जातच नाही. फक्त ईआर्क दोन्हीकडे हवं. साध्या आर्कवरून अनकॉम्प्रेस्ड ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) जात नाही, पीसीएम (न आवळलेला आवाज) फक्त स्टिरिओ. निन्टेन्डो स्विच कन्सोल वापरणाऱ्यांना हे नडतं, कारण तो पीसीएमच देतो, डॉल्बी (आवळलेला आवाज) नाही. मग पाच स्पीकर असून दोनच वाजतात. आणि बऱ्याच टीव्हींवर पूर्ण क्षमतेची दोनच पोर्टं, त्यातलं एक ईआर्कचं. म्हणजे कन्सोलला उरलं एक! दोन कन्सोल असतील तर नवा रिसीव्हरच सोयीचा.

वाळूचा_किल्ला
आवाजाच्या उशिराबद्दल कुणी लिहिलं नाही. कन्सोलचं आउटपुट लिनिअर पीसीएम ठेवा. डॉल्बी डिजिटल लावलं की कन्सोल आधी आवाज एन्कोड करणार, मग रिसीव्हर डीकोड करणार, दोन्हीकडे वेळ जातो. पीएस५ मध्ये उपकरणाचा प्रकार ‘एव्ही अॅम्प्लिफायर’ निवडा, मग स्पीकरांची संख्या विचारतो. रिसीव्हरचं ऑडिओ डिले शून्यावर आणा. सिनेमासाठी कधीतरी वाढवलेलं तसंच राहतं आणि दोष केबलला जातो.

सांजवात
हे फार कामाचं. एएलएलएम (कन्सोल टीव्हीला गेम मोड लावायला सांगतो ती सोय), व्हीआरआर (गेमच्या फ्रेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणं) रिसीव्हरातून पुढे जातं का तेही बघावं. एएलएलएम अडलं तर टीव्ही आपोआप गेम मोडला जात नाही, हाताने लावावा लागतो.

मधुमालती
आले. केबल ‘अल्ट्रा हाय स्पीड’ छापाची, खोक्यावरचं लेबल स्कॅन होणारी. साधी तांब्याची तीन मीटरपर्यंत निर्धास्त. भिंतीतून लांब न्यायची तर ऑप्टिकल (आत काचतंतू असलेली) एचडीएमआय केबल घ्या, पण तिला दिशा असते: एका टोकाला ‘सोर्स’, दुसऱ्याला ‘डिस्प्ले’. उलटी ओढली की चित्रच येत नाही आणि पुन्हा सगळी बाहेर काढा. प्लास्टर व्हायच्या आधी पाइप रुंद टाकून घ्या, प्लग अडकतो.

पाणंद
अमेरिकेतून दादा रिसीव्हर आणतोय, स्वस्त पडतं म्हणे. चालेल ना?

वाळूचा_किल्ला
@पाणंद, मागची पट्टी वाचा आधी. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर इथल्या २३० वर थेट लावलात की जळालाच. व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, पट्टीवरच्या वॉटच्या दीडपट तरी. वॉरंटी इथे चालेल का, हेही दादाला आधीच विचारायला सांगा.

तिठा
ईआर्क आहे टीव्हीला! वाचलो. आता रिसीव्हर शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू का? बायको म्हणते, बाहेर नको.

मधुमालती
नको हो! वर हाताची वीतभर जागा आणि मागे उघडं हवं. आमच्या कोकणात तर ऊब मिळाली की पाली जाळीतून आत शिरतात.

पाणंद
जाळीवर काय लावता मग?

मधुमालती
काही नाही. कापड घातलंत तर हवाच अडेल. कप्प्याचं मागचं प्लाय कापून घ्या, सुतार अर्ध्या तासात करतो.