सांबरा विमानतळावर बॅटरीवरचा जीपीयू: डिझेल गाडी काढायची का?

सांबरा_रॅम्प: उभ्या विमानाला वीज देणारी गाडी, म्हणजे जीपीयू, बेळगावच्या सांबऱ्याला आता बॅटरीवरचीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. विमानाला लागणाऱ्या एसी विजेचे 400 हर्ट्झ टिकवायचे तर डिझेल इंजिन ठरल्या वेगानंच फिरवावं लागतं. जनरेटर 24 पोलचा असेल तर मिनिटाला 2000 फेरे. मशीन 90 केव्हीएचं आणि विमान ओढतंय 25 किलोवॅट, तरी वेग तोच. एवढ्या कमी लोडवर इंजिन नीट तापत नाही, अर्धवट जळालेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं. बॅटरी गाडीतला इन्व्हर्टर मागणीपुरतीच वीज देतो. 25 किलोवॅटनं 35 मिनिटांचा थांबा म्हणजे 15 युनिटं. 80 युनिटांच्या बॅटरीतली 64 वापरली तर चार विमानं निघतात.

खानापूरकर: हा हिशेब ए-320 सारख्या मोठ्या जेटचा झाला की. पंख्यावरचं एटीआर आणि छोटं जेट एम्ब्रेअर 145 यांना 28 व्होल्ट डीसी लागतं, त्याचं काय? टर्बाइन सुरू करताना पहिला झटका हजार अँपिअरच्या घरात जातो. त्या क्षणी व्होल्टेज बसलं तर स्टार्टर इंजिन हळू फिरवतो, हवा कमी पडते, तापमान प्रमाणाबाहेर चढतं, म्हणजेच हॉट स्टार्ट होतो. नुसतं 115 व्होल्ट एसी देणारी गाडी तिथे उपयोगाची नाही. शिवाय एटीआरला एपीयू, म्हणजे उभ्या विमानाला वीज आणि हवा देणारं छोटं इंजिन, नाही. प्रॉपेलरला ब्रेक लावून उजवं इंजिन चालू ठेवतात, ज्याला हॉटेल मोड म्हणतात, ते केबिनच्या गार हवेसाठीही असतं. मे महिन्यात नुसती वीज देऊन प्रवाशांना गारवा मिळत नाही.

निपाणी_वायरमन: दोन्ही आउटपुट असलेल्या बॅटरी गाड्या मिळतात, त्यामुळे डीसीचा मुद्दा टेंडरमध्ये सुटतो. मला काळजी चार्जिंगची आहे. 32 अँपिअरचं थ्री-फेज सॉकेट जेमतेम 22 किलोवॅट देतं. 64 युनिटं भरायला तीन तास. विमानं पाठोपाठ आली तर मधल्या वेळात किती भरणार? 63 अँपिअरची वेगळी लाइन टाका. पावसाळ्यात वीज कंपनी हेस्कॉमची लाइन गेली आणि चार्जर विमानतळाच्या डिझेल जनरेटरवर चालला, तर डिझेल वाचलं कुठं?

सांबरा_रॅम्प: म्हणून तर चार्ज रात्री पूर्ण करायचा आणि दिवसा मिळेल तेवढी भर घालायची. आणि गारव्याचं एटीआरपुरतं मान्य, पण ए-320 चा एपीयू तासाला साधारण 100 ते 130 किलो इंधन खातो. बेळगावच्या थंडीत किंवा पावसाळ्यात एसी लागत नाही, तेव्हा तो वीस मिनिटं बंद राहिला तरी पस्तीस-चाळीस किलो वाचतात. ए-320 चं इंजिन सुरू करायला एपीयूची दाबाची हवा लागते, म्हणून निघायच्या आधी एपीयू चालू करायचाच.

खानापूरकर: वाचतात, कबूल. पण ते डिझेल गाडीनंही वाचतात! त्याचं श्रेय बॅटरीला देऊ नका.

निपाणी_वायरमन: हे मात्र खरं. पण बंद पडण्याची कारणं बघा, बहुतेक दोन्ही गाड्यांना तीच. 400 हर्ट्झच्या प्लगला चार जाड पिना आणि दोन बारीक, ई आणि एफ. बारीक पिनांचं सॉकेट सैल झालं की इंटरलॉक, म्हणजे प्लग नीट बसल्याची खूण देणारं सर्किट, तुटतो आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा मोठा स्विच, पडतो. लोक मशीनला दोष देतात. आधी कॉकपिटमधून एक्स्टर्नल पॉवर बंद, मग गाडीचं आउटपुट बंद, मगच प्लग ओढायचा. चालू लोडवर ओढला की ठिणगी पडून पिना जळतात. सांबऱ्याच्या पावसात प्लग जमिनीवर टाकून ठेवायचा नाही, होल्डरमध्येच लावायचा.

खानापूरकर: मग टेंडरमध्ये एटीआरच्या स्टार्टचा झटका सोसणारं 28 व्होल्टचं आउटपुट घाला, आणि बॅटरी 20 टक्क्यांवर असताना ते तपासून घ्या, भरलेल्या बॅटरीवर सगळंच चालतं. ही चाचणी होईपर्यंत डिझेल गाडी बॅकअपला राहिलीच पाहिजे.

सांबरा_रॅम्प: 20 टक्क्यांची अट मान्य. बॅकअपला मात्र एक पावसाळ्याचीच मुदत ठेवा.