डायना-सोअरच्या मॉडेलला चाकं का नाहीत?

डायना-सोअर म्हणजे अमेरिकन हवाई दलासाठी बोइंगने आखलेलं, रॉकेटवरून सोडायचं पंखांचं अवकाशयान. विंड टनेलमधल्या (वाऱ्याचा झोत सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यातल्या) त्याच्या मॉडेलला चाकं दिसत नाहीत म्हणजे ते अर्धवट आहे, असं कुणीतरी म्हटलंय. पण खऱ्या डायना-सोअरलाही रबरी टायर असणारच नव्हते! वातावरणात परततानाच्या उष्णतेत रबर टिकणं अवघड, म्हणून बोइंगने मागच्या बाजूला तारांच्या ब्रशसारख्या पट्ट्या योजल्या होत्या. त्यांवर घसरत उतरायचं.

मला मॉडेलच्या रॉकेटसकट केलेल्या चाचण्या जास्त मोलाच्या वाटतात. टायटन रॉकेटच्या टोकावर त्रिकोणी पंखांचं यान बसवलं की वारा तिथेच जोर लावतो आणि अख्खं रॉकेट वळू पाहतं. त्यावर उतारा म्हणून आराखड्यात रॉकेटच्या बुडाशी भलेमोठे फिन (रॉकेट सरळ ठेवणारे पंखे) आले. डिसेंबर १९६३ मध्ये प्रकल्पच गुंडाळला. रॉकेटसह मॉडेलचा फोटो कुणाकडे असेल तर जरूर टाका.