मदत हवी आहे: रात्री साडेअकराचे पाहुणे आणि दीड वर्षाची मुलगी

अलिबागजवळ नागावला घरामागच्या दोन खोल्या आम्ही होमस्टे म्हणून देतो. नवरा पनवेलला नोकरीला, शनिवारी सकाळी येतो. म्हणजे शुक्रवारचं चेक-इन माझ्या एकटीवर.

वेळ रात्री ९ पर्यंतच लिहिली आहे. पण मुंबईची मंडळी ऑफिस सुटल्यावर निघतात, वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि साडेअकराला गेटशी हॉर्न वाजवतात. (गाडीसकट आणणारी मांडव्याची रो-रो बोट घ्या, हे सांगून थकले.) मुलगी दचकून उठली की दोनपर्यंत जागी. आणि सकाळी आठला त्याच पाहुण्यांना गरम पोहे हवेत!

नऊनंतर ५०० रुपये जादा लावून पाहिले. लोक आनंदाने देतात आणि उशिराच येतात. शेजारच्या काकूंना बसवलं, पण ओळखपत्र तपासणं, उरलेले पैसे घेणं त्यांना जमेना. नंबरचं कुलूप लावलं, तर त्या रात्री नेमकी वीज गेली आणि इन्व्हर्टरचं बटण विचारायला फोन मलाच.

पूर्णवेळ माणूस दोन खोल्यांत परवडत नाही. शुक्रवार बंद ठेवला तर शनिवारही जातो, कारण बुकिंग दोन रात्रींचंच येतं. परदेशी पाहुणे घेत नाही, त्यामुळे त्यांची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची भानगड नाही.

घरात तान्हं मूल असताना ज्यांनी पाहुण्यांना स्वतःच कुलूप उघडून आत येऊ दिलंय, त्यांना विचारायचंय: ओळखपत्रं आणि पूर्ण पैसे आधी कसे मागता, आणि रात्रीचे फोन कोण उचलतं?